पॅड बदलले, मग हेडफोन ऐकला

माझी मावसबहीण ऑडिओबुकचं क्यूसी करते. निवेदकाने वाचलेलं आणि संपादकाने कापून-जोडून दिलेलं ध्वनिमुद्रण, समोर संहिता ठेवून, शब्द न् शब्द ऐकायचं. कुठे ओळ गाळली, कुठे ओठांचा चटका आला, कुठे जोड उघडा पडला, कुठे मागे घरघर आहे, ते मिनिट-सेकंदासकट लिहून पाठवायचं. दिवसाचे पाच तास, आठवड्याचे सहा दिवस. एका संध्याकाळी तिचा फोन आला.

"दादा, मी हेडफोन घेतेय. मोठा. तू फक्त हो म्हण."

मोठा म्हणजे तिच्या हातातल्या हेडफोनच्या सात पट किमतीचा. घरात 'आवाजातलं कळतं' अशी माझी ख्याती आहे. ती बरीचशी दोन रेडिओ दुरुस्त केल्यावर उभी आहे, पण असे फोन येतात खरे. हो म्हणणं सोपं होतं. नाही म्हणणं त्याहून सोपं, कारण पैसे वाचवायला सांगणारा माणूस नेहमीच शहाणा दिसतो. मी तिला म्हटलं, "आधी तक्रारी लिही. हेडफोनचं नाव कुठेही येऊ देऊ नकोस. आत्ता काय खुपतंय एवढंच."

रात्री चार ओळी आल्या. एक, निवेदक पत्र्याच्या डब्यात बसून वाचतोय असं वाटतं. दोन, दुपारनंतर कान तापतात आणि चष्म्याच्या काडीपाशी ठणकतं. तीन, गेल्या महिन्यात दोन फाइली परत आल्या. 'प' आणि 'भ'चे धक्के आणि मागची गुणगुण तिच्याकडून सुटली होती. चार, सगळे म्हणतात हा हेडफोन म्हणजे डोळ्यांवरचा पडदा सरकल्यासारखा अनुभव आहे.

"चौथी तक्रार नाहीये," मी लिहिलं.

"तीच खरी तक्रार आहे, दादा," तिचं उत्तर.

या उत्तराचं मला अजून कौतुक वाटतं, कारण महागडी खरेदी बहुतेकदा चौथ्या ओळीसाठीच होते आणि पहिल्या तीन ओळी नंतर साक्षीदार म्हणून उभ्या केल्या जातात. तरी तिसरी ओळ मला खटकली. सुटलेल्या चुका बघा : 'प'चा धक्का म्हणजे मायक्रोफोनवर आदळलेली हवा, ती खालच्या पट्टीत धपकन वाजते. गुणगुण म्हणजे विजेची, 50 किंवा 60 हर्ट्झची आणि त्याच्या पटींतली. दोन्ही तळाचे आवाज. बारीक तपशील निसटत असते तर चटके, श्वास, जोड सुटले असते. ते ती बरोब्बर पकडत होती. निवेदक डब्यातून बोलतो, ही पहिली तक्रारसुद्धा त्याच दिशेला बोट दाखवत होती : आवाजाचा तळच कुठेतरी गळत होता.

तिच्या मनात भरलेला हेडफोन माझ्या एका मित्राकडे होता. त्याच्याकडून पंधरा दिवसांसाठी मागून घेतला आणि शनिवारी तिच्याकडे गेलो.

आधी तिचा जुना हातात घेतला. बंद कपांचा साधा स्टुडिओ हेडफोन, साडेचार वर्षं वापरलेला. पॅडचा स्पंज इतका बसला होता की आतल्या कापडाला कान टेकत होता. वरचं रेक्झिन सोलून त्याच्या काळ्या कपच्या तिच्या गालावर चिकटायच्या. त्या झटकणं तिच्या कामाचाच भाग झालं होतं. मी लॅपटॉपवर 50 हर्ट्झचा सरळ स्वर लावला.

"ऐकू येतंय?"

"अगदी बारीक."

"आता दोन्ही तळव्यांनी कप डोक्यावर दाब. फार नको, फट बुजेल एवढंच."

तिने दाबले आणि तिचे डोळे मोठे झाले. हात काढले, स्वर ओसरला. परत दाबले, परत भरून आला. मग चष्मा काढून तेच केलं. चष्म्याशिवाय न दाबताही स्वर बराच भरीव होता.

"हे इतके दिवस कुठे होतं?"

काडीखालच्या फटीतून बाहेर जात होतं. बंद हेडफोन कानाभोवती एक छोटी बंदिस्त खोली करतो. त्या खोलीत हेडफोनमधला थरथरणारा पडदा हवा दाबतो आणि खालचे स्वर त्या दाबातून उभे राहतात. फट पडली की दाब आधी तिथून निसटतो. वरच्या स्वरांना फटीचं फारसं सोयरसुतक नसतं, त्यामुळे आवाज बंद पडत नाही, नुसता पातळ होतो. पॅड नवे असताना चष्म्याची काडी स्पंजात रुतते आणि फट बुजते. पॅड बसले की काडी पुलासारखी उभी राहते. हे एका दिवसात घडत नाही, साडेचार वर्षांत घडतं. म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. लक्षात येतं ते एवढंच, की आपला हेडफोन पूर्वीसारखा राहिला नाही. मग माणूस नव्याच्या शोधात निघतो.

त्याच दिवशी नवे पॅड मागवले. त्यांची किंमत तिच्या जुन्या हेडफोनच्या दहाव्या हिश्शाएवढीही नव्हती.

पॅड येईपर्यंत मित्राचा तो महाग पाहुणा मात्र समोर होता आणि त्याला बाजूला ठेवण्याइतका कठोर मी नाही. उघड्या पाठीचा, मखमली पॅडचा, वजनाला हलका. तिने तानपुऱ्याचं एक ध्वनिमुद्रण लावलं आणि डोळे मिटले. बराच वेळ काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "दादा, जवारीचे, तारेच्या त्या झणकाराचे, पदर सुटे सुटे ऐकू येतायत." पुढची दहा मिनिटं मी चहाचं नाव काढलं नाही.

या क्षणाला मी फसवा म्हणणार नाही. पण त्यात एक भेसळ होती. तिने नॉब आपल्या मनाने फिरवला होता.

आवाजाची पातळी हा या सगळ्या प्रकारातला सर्वांत मोठा चोर. दोन हेडफोनांत एखाद-दोन डेसिबलचा फरक असला तर कान 'हा मोठा आहे' असं सांगत नाही. 'हा स्वच्छ आहे, भरीव आहे' असं सांगतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्येच दाखवलं होतं की कानाची संवेदना सगळ्या पट्ट्यांना सारखी नसते आणि ती पातळीनुसार बदलते. आवाज खाली आणला की तळ सर्वांत आधी नाहीसा होतो, वर नेला की तळ परत येतो. म्हणजे नुसता जोरात वाजणारा हेडफोन जास्त 'पूर्ण' वाटतो. दुकानात दोन हेडफोन आळीपाळीने डोक्यावर चढवून घेतलेला निर्णय या एका कारणाने कुचकामी ठरू शकतो.

मी एक जाड पुठ्ठा घेतला, मधोमध भोक पाडलं, त्यात कॉलरचा छोटा मायक्रोफोन घट्ट बसवला आणि दोन्ही हेडफोनांचे कप एकेक करून त्यावर दाबून मधल्या पट्टीचा खरखराट वाजवला. अशा जुगाडाने खरे डेसिबल कळत नाहीत, पण दोघांतला फरक बऱ्यापैकी कळतो. एकाच नॉबवर पाहुणा नऊ डेसिबलने हळू वाजत होता. आणि तिने 'मस्त' म्हणून जिथे नॉब थांबवला होता, तिथे तो जुन्याच्या नेहमीच्या पातळीपेक्षा चार डेसिबलने वर होता. पातळी सारखी केल्यावर तानपुरा परत लावला. तिचा चेहरा थोडा उतरला, पण पूर्ण नाही. जे उरलं ते त्या हेडफोनचं स्वतःचं, असं मी धरलं.

इथे एक अडचण सांगायला हवी. हेडफोनची खरी आंधळी चाचणी घरी होत नाही. डोळे बांधले तरी डोक्याला वजन कळतं, गालाला मखमल कळते. हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर तोड म्हणून एकाच हेडफोनवर इतर हेडफोनांचा आवाज उतरवून लोकांना ऐकवला, म्हणजे डोक्यावरचं वजन बदलत नाही आणि आवाज तेवढा बदलतो. आम्ही त्याची घरगुती नक्कल केली. इक्वलायझरने, म्हणजे एकेक पट्टी वेगळी कमी-जास्त करून, तिच्या जुन्याचा आवाज, नवे पॅड आल्यावर, पाहुण्याच्या जवळ नेला. बरीच मजल गाठली. स्वरांचा तोल जवळजवळ तोच आला. आला नाही तो आजूबाजूचा मोकळेपणा, आवाज डोक्याबाहेर पडल्याचा भास. तो उघड्या पाठीचा गुण आहे, तो इक्वलायझरच्या पट्ट्यांत नसतो.

दुसरी चाचणी होती फाइलींची. 'महाग हेडफोनला साजेशी फाइल पाहिजे' हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. 320 केबीपीएसची, म्हणजे आवळलेली एमपीथ्री आणि न आवळलेली मूळ फाइल, कोणती कोणती ते न सांगता सोळा वेळा ओळखायला दिली, पाहुण्यावरच. नऊ बरोबर आल्या. नुसत्या नाणेफेकीत सोळापैकी बारा किंवा त्याहून जास्त बरोबर येण्याची शक्यता शंभरात चारच्या आसपास असते. बारा आल्या असत्या तर मी कान टवकारले असते. नऊ म्हणजे नाणं. "म्हणजे माझे कान वाईट?" तिने विचारलं. नाही गं. याहून कसलेल्या कानांचीही अशीच गत झालेली आहे. मेयर आणि मोरान यांनी 2007 मध्ये छापलेल्या प्रयोगात ऐकणाऱ्यांना एसएसीडीचा, म्हणजे सीडीहून वरच्या दर्जाच्या तबकडीचा, आवाज एकदा तसाच आणि एकदा साध्या सीडीच्या दर्जावर आणून ऐकवला होता. 554 प्रयत्नांत अचूक ओळख 50 टक्क्यांच्या आत राहिली.

अँप्लिफायरचा मुद्दाही मध्ये आला. 'असा हेडफोन लॅपटॉपला लावणं म्हणजे गुन्हा' अशा थाटाचे सल्ले तिला मिळाले होते, आणि ते खरे धरले तर किंमत सात पटीची नऊ पट होत होती. मी कागद घेतला. हेडफोन 300 ओहमचा, एका मिलीवॅटला 97 डेसिबल. तिच्या लॅपटॉपचा जॅक साधारण एक व्होल्ट देतो. 300 ओहमवर एक व्होल्ट म्हणजे 3.3 मिलीवॅट, म्हणजे 102 डेसिबलच्या आसपास. ती ज्या पातळीवर भाषण ऐकते तिच्या कितीतरी वर. हळू मुद्रित केलेल्या वाद्यवृंदाचे उसळते क्षण 110 डेसिबलपर्यंत हवे असतील तर 20 मिलीवॅट, म्हणजे जवळपास अडीच व्होल्ट लागतील, तिथे लॅपटॉप कमी पडेल. ती वाद्यवृंद ऐकत नाही. अँप्लिफायर यादीतून गेला.

मग पॅड आले आणि कामाची चाचणी सुरू झाली. तिने पूर्वी पास केलेल्या तीन वेगवेगळ्या फाइली मी घेतल्या आणि प्रत्येकीत चोवीस चुका पेरल्या : आठ गुणगुणीच्या, आठ धक्क्यांच्या, आठ जोडांच्या. प्रत्येक हेडफोनला आधी दोन दिवस कान रुळू दिले, कारण एकावरून दुसऱ्यावर उडी मारली की पहिले काही तास दुसरा नेहमीच चुकीचा वाटतो. सकाळच्या शांत वेळेत बसलेल्या पॅडवर तिने पंधरा चुका पकडल्या. सुटलेल्या नऊपैकी एकही जोडाची नव्हती. नव्या पॅडवर बावीस. पाहुण्यावर बावीस.

एका माणसाची तीन फाइलींवरची मोजणी आहे ही, यातून जगाला काही सिद्ध होत नाही. पण प्रश्न जगाचा नव्हताच.

खरी गंमत दुपारी झाली. दुपारी शेजारच्या खोलीत मावशी टीव्ही लावते. उघड्या पाठीचा हेडफोन आतला आवाज बाहेर सोडतो तसा बाहेरचा आत घेतो. दार नसलेली खोलीच ती. चौथी फाइल, तेवढ्याच चुका. पाहुण्यावर सतरा सापडल्या. नॉब पाहिला तर सकाळपेक्षा सहा डेसिबलने वर गेलेला. तिला स्वतःला आपण तो फिरवल्याचं आठवत नव्हतं.

हे सहा डेसिबल मला चुकांपेक्षा जास्त टोचले. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी आठवड्याला 80 डेसिबल 40 तास ही मर्यादा धरते, आणि दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. सहा वाढले की चौथाई. माझ्या पुठ्ठ्यावरून ती नेमकी कुठे होती ते सांगता येत नाही, पण सुरुवात कुठूनही असो, सहा वाढले की कानाला परवडणारे तास चौथाईवर येतात, हे कुठल्याही पुठ्ठ्याशिवाय खरं आहे. जिची रोजीरोटी कानावर आणि जी आठवड्याला तीस तास ऐकते, तिने आवाज वाढवायला लावणारा हेडफोन घेणं मला पटेना.

"मग नॉइज कॅन्सलिंगवाला?" तिने विचारलं. विमानाचं गुंजन, पंखा, एसी असा एकसुरी खालचा आवाज तो छान खातो. टीव्हीतली भांडणं तेवढी खात नाही, कारण बोलणं वरच्या पट्टीत असतं आणि क्षणाक्षणाला बदलतं. शिवाय बिनतारी जोडणीत आवाज किंचित मागे पडतो; पडद्यावरच्या लहरीकडे बघत जोड तपासणाऱ्या बाईला ते चालणार नाही. हा विषय तिथेच संपला.

राहता राहिली किंमत. 2017 मध्ये येरून ब्रेबार्ट या संशोधकाने 283 हेडफोनांची मोजमापं त्यांच्या किमतींशेजारी ठेवून पाहिली होती. कोणत्या पट्टीत किती आवाज येतो आणि किंमत किती, यांचा परस्परसंबंध त्याला सापडला नाही. हे वाचून लोक 'महाग म्हणजे लूट' असा अर्थ लावतात. माझं मत तसं नाही. जास्त पैशात कधी हलकं वजन मिळतं, कधी डावा-उजवा जास्त सारखा मिळतो, कधी दहा वर्षांनीही सुटे भाग मिळण्याची खात्री मिळते. आवाज त्यात असेलच असं नाही, एवढंच. आणि हो, 'तासाला किती पडतो' हा हिशेब मी तिला करू दिला नाही. रोज पाच तास वापरायची वस्तू त्या हिशेबात कितीही महाग असली तरी स्वस्तच निघते. त्या हिशेबाने ती सोन्याची खुर्चीही घेईल.

तिच्या यादीवर परत आलो. डबा गेला, पॅडमुळे. धक्के आणि गुणगुण सापडू लागली, पॅडमुळे. काडीचा ठणका कमी झाला, तोही पॅडमुळेच. कान तापणं मात्र तसंच राहिलं. बंद कप, रेक्झिन, पाच तास. तिथे पाहुणा निर्विवाद जिंकला, त्याच्याखाली कानाला वारा लागतो. तिच्या हेडफोनला मखमली पॅड लावता आले असते, पण त्यातून तळ परत गळला असता. चौथी ओळ उरली होती ती उरलीच.

मी म्हटलं, कामासाठी नको. गाण्यासाठी हवा असेल तर घे, पण मग मला विचारू नकोस, ते तुझं सुख आहे आणि सुखाला दाखला लागत नाही. तिने मान हलवली आणि पाहुणा माझ्या पिशवीत घातला. जरा हळूच घातला.

तीन महिन्यांनी त्या मित्राने आणखी महाग हेडफोन घेतला (हा रोग असाच असतो) आणि जुना विकायला काढला. मला बातमी लागण्याआधी तो तिच्याकडे पोचला होता. मला वाटलं, चला, गाण्यासाठी. तसं नव्हतं. तिने वेळापत्रकच फिरवलं होतं. दुपारी टीव्ही चालू असताना बंद हेडफोनवर पहिली फेरी. पहाटे घर झोपलेलं असताना उघड्यावर दुसरी. कान तापत नाहीत, आवाज वाढवावा लागत नाही. ही विभागणी मला सुचायला हवी होती. मी 'कामासाठी नको' म्हणताना तिचं काम म्हणजे दुपारचं काम असं धरून बसलो होतो.

गेल्या आठवड्यात तिच्याकडे गेलो तर टेबलाच्या कडेला दोन खिळे, दोन हेडफोन. उघड्याचे पॅड कोरे करकरीत दिसले.

"हे कधी बदललेस?"

"आला त्याच दिवशी. तुझ्या मित्राचे किती बसले होते, पाहिलं नव्हतंस का?"

नव्हतं पाहिलं. जुन्याचे पॅड मी बोटांनी दाबून, उजेडात धरून तपासले होते. पाहुण्याचे तपासलेच नव्हते, महागाचा होता म्हणून. म्हणजे पंधरा दिवसांची ती सगळी मोजणी, पुठ्ठा, इक्वलायझर, बावीसला बावीस, सगळं बसलेल्या पॅडच्या पाहुण्याशी झालं होतं. मी तो डोक्यावर चढवला, तिने तोच तानपुरा लावला. आवाज कानापासून बोटभर मागे सरकला होता आणि जवारी आणखी सुटी झाली होती.

"पुठ्ठा आहे का गं घरात?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली, आणि हेडफोन माझ्या डोक्यावरून काढून खिळ्याला अडकवला.